नाव पुसट केलेली जर्सी

जर्सीवर आपलं चिन्ह दिसावं म्हणून खेळाचे कपडे बनवणाऱ्या कंपन्या संघांना भरपूर पैसे मोजतात. कतारच्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी एका कंपनीने मात्र आपलं चिन्ह मुद्दाम दिसेनासं केलं. डेन्मार्कच्या संघाची जर्सी बनवणारी ती कंपनी म्हणजे हुमेल.

हुमेल हा जर्मन शब्द, अर्थ भुंगा. १९२३ साली हॅम्बुर्गमध्ये कंपनी सुरू झाली. ओल्या मैदानात घसरणारे खेळाडू पाहून तळाला टोकं असलेल्या बुटांची कल्पना सुचली, ही कंपनीची आवडती गोष्ट. एवढ्या जड अंगाने भुंग्याला उडता येऊ नये, तरी तो उडतो, हा त्या नावामागचा भाव. पुढे कंपनी डेन्मार्कची झाली. सध्याचे मालक ख्रिस्तियन स्टाडिल 'कंपनी कर्मा'ची भाषा बोलतात, म्हणजे धंद्यातही पेराल तसं उगवेल. (कर्म आपलं, शेवटचा आकार त्यांचा!) २०१६ मध्ये त्यांनी अफगाणिस्तानच्या महिला संघासाठी हिजाब जोडलेली जर्सी आणली होती.

कतारसाठी लाल, पांढरी आणि काळी अशा तीन जर्सी निघाल्या. चिन्ह, पट्टे, संघाचं बोधचिन्ह, सगळं कापडाच्याच रंगात. काळा रंग शोकाचा, असं कंपनीने सांगितलं. हजारो लोकांचे जीव घेणाऱ्या स्पर्धेत आम्हाला दिसायचं नाही, ही भूमिका. कतारच्या आयोजकांनी हा दावा फेटाळला.

आकड्यांचा घोळ इथे समजून घ्यायला हवा. 'गार्डियन'ने २०२१ मध्ये दिलेला साडेसहा हजारांवर मृत्यूंचा आकडा भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेच्या लोकांचा, साधारण दहा वर्षांतला आणि सर्व कारणांचा होता. आयोजकांचा आकडा फक्त स्टेडियमच्या कामांचा: कामावरच्या अपघातात तीन आणि इतर कारणांनी सदतीस. स्पर्धा चालू असताना त्यांचेच प्रमुख हसन अल थवादी मुलाखतीत चारशे ते पाचशे म्हणाले. मोजायचं काय, यावरच सगळं अवलंबून. उन्हात राबून खोलीवर झोपेत गेलेला माणूस कोणत्या रकान्यात टाकायचा?

मला विचाराल तर पुसट चिन्हाची चर्चा ठळक चिन्हापेक्षा जास्त झाली, आणि ती जर्सी दुकानात विकायलाही होती. संघही खेळायला गेलाच. तरीही गप्प बसलेल्या मोठ्या कंपन्यांपेक्षा हे बरं. 'सर्वांसाठी मानवी हक्क' असं लिहिलेले सरावाचे शर्ट मात्र फिफाने घालू दिले नाहीत. डेन्मार्क एक बरोबरी आणि दोन पराभवांनंतर गटातूनच परतला.

इथल्या कामगारांसाठी मोठा बदल त्याआधीच, २०२० मध्ये जाहीर झाला होता. नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागणार नाही, असं ठरलं. मार्च २०२१ पासून महिना किमान हजार रियाल पगार लागू झाला, आणि मालकाने सोय केली नसेल तर राहण्याचे पाचशे आणि जेवणाचे तीनशे वेगळे.