सातिमित भाणक आणि आपली स्मृती

तिकोणा पेठेतून कामशेतकडे निघालो की वाटेत बेडसे लेण्यांचा फाटा लागतो. कामशेतहून महामार्गाने लोणावळ्याकडे वळलो की कार्ले येते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर ब्राह्मी लिपीत दानलेख आहे. हा स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमिताने दान दिला. त्याची ओळख त्यात अशी दिली आहे: धम्मुत्तरीय संप्रदायाचा भाणक.

भाणक म्हणजे बुद्धवचन तोंडपाठ ठेवून ते म्हणणारा. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत आनंदांनी सुत्ते म्हणून दाखवली, असे परंपरा सांगते. त्यानंतर काही शतके धम्म मुख्यतः भिक्खूंच्या स्मृतीवर टिकला. श्रीलंकेच्या परंपरेनुसार तिपिटक लेखी आले ते इ.स.पूर्व पहिल्या शतकात. एवढा मोठा ठेवा माणसांच्या डोक्यात कसा टिकला? त्यासाठी आधी मेंदूचे काम समजून घ्यावे लागेल.

आठवणीचे तीन टप्पे आहेत: नोंद होणे, साठणे आणि परत आठवणे. पहिल्या टप्प्यात लक्ष लागते. मोबाईल बघत ऐकलेले प्रवचन आठवत नाही, कारण त्याची नोंदच धड झालेली नसते. पाली भाषेत स्मृती आणि जागरूकता या दोन्हींसाठी 'सति' हा एकच शब्द आहे, हे इथे लक्षात घ्यावे. शिवाय एका वेळी मनात चार-पाच गोष्टीच मावतात. म्हणून मोठा मजकूर गटागटाने पाठ करावा लागतो.

नवी नोंद पक्की करण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. 1953 साली हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून हा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. त्याला लहानपणीच्या गोष्टी आठवत, पण नुकतीच भेटलेली व्यक्ती काही वेळाने पुन्हा अनोळखी होई. मात्र सरावाने हाताचे नवे कौशल्य तो शिकू शकला. म्हणजे सगळ्या आठवणी एकाच कपाटात ठेवलेल्या नसतात. आठवण मेंदूतील पेशींच्या जोडण्यांत पसरलेली असते. या जोडण्या पक्क्या व्हायला वेळ लागतो आणि पुरेशी झोपही लागते.

विसरण्याचेही मोजमाप झाले आहे. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. 1885 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातले निम्म्याहून अधिक तासाभरातच निसटत होते, पुढे हा वेग मंदावत होता. यावर उपाय म्हणजे ठरावीक अंतराने उजळणी. त्यातही नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून सांगणे जास्त उपयोगी ठरते.

आता भाणकांची पद्धत पाहा. चार आर्यसत्ये, पंचशील, अष्टांगिक मार्ग अशी संख्येने बांधणी. तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येणारी रचना. दीघभाणक, मज्झिमभाणक अशी कामाची वाटणी. उपोसथाला पातिमोक्खाचे नियमित पठण. आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचे, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या कानाला खटकते.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. कारण स्मृती नुसती विसरत नाही, ती बदलतेही. आपण आठवतो तेव्हा मेंदू प्रसंग नव्याने जुळवतो, आणि त्यात नंतर ऐकलेले मिसळते. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या धडकेची फिल्म दाखवली. नंतर काहींना विचारले, गाड्या 'आपटल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना 'आदळून चुराडा झाला तेव्हा' असे विचारले. आठवड्याने दुसऱ्या गटातील जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या. प्रश्नातील एका शब्दाने आठवण बदलली होती.

आपल्या चळवळीसाठी ही गोष्ट आज निकडीची आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. तेव्हा दहा वर्षांचे असलेले उपासक-उपासिका आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांनी पाहिलेले नोंदवायला आपल्या हातात फार वर्षे नाहीत.

ही नोंद करताना काळजी घ्या. "बाबासाहेबांना बघून तुम्हाला रडू आले असेल ना?" असे विचारू नका. "त्या दिवशी काय काय झाले, आजी?" एवढेच विचारा आणि गप्प बसून ऐका. जुने फोटो लगेच पुढे करू नका, आधी त्यांचे त्यांना सांगू द्या. एकाच प्रसंगाबद्दल दोघातिघांना वेगवेगळे विचारा. तारीख चुकली म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. ती कागदपत्रांशी ताडून पाहावी आणि फरक जसाच्या तसा लिहून ठेवावा. आपला इतिहास आधीच नाकारला जातो, म्हणून आपली नोंद जास्त चोख हवी.

दुसरे काम विहारातले. बावीस प्रतिज्ञा आपण बहुधा कागदावरून वाचतो. त्यांचे गट करा: पहिल्या आठ जुन्या देवदेवता आणि कर्मकांड नाकारणाऱ्या, नववी-दहावी समतेच्या, अकरा ते अठरा आचरणाच्या, शेवटच्या चार धम्मस्वीकाराच्या. आज एक गट कागद मिटून म्हणा, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. चार-पाच जणांनी मिळून म्हणा, म्हणजे चुकले तर कळेल. आणि प्रत्येक प्रतिज्ञेचा अर्थ एकमेकांना समजावून सांगा, कारण अर्थ कळलेले जास्त टिकते.

कार्ल्याला जाल तेव्हा सातिमिताचा स्तंभ जरूर शोधा. त्याचे नाव दगडामुळे उरले. पण त्याने जे पाठ केले ते आपल्यापर्यंत आले, ते पिढ्यान् पिढ्या माणसांनी एकमेकांना म्हणून दाखवले म्हणून.

नमो बुद्धाय! जय भीम!