शवपेट्या न आलेली लढाई

नोव्हेंबर १९६०. डब्लिनच्या रस्त्यांवर दुतर्फा लाखो माणसं मुकाट उभी होती. काँगोतल्या नीएम्बा गावाजवळ अकरा आयरिश शांतिसैनिकांच्या गस्तीवर दबा धरून हल्ला झाला होता. नऊ जण मारले गेले, दोघं कसेबसे वाचले. हिरव्या, पांढऱ्या, नारिंगी झेंड्यात गुंडाळलेल्या शवपेट्या लष्करी गाड्यांवरून ग्लॅसनेव्हिनच्या दफनभूमीकडे निघाल्या, तेव्हा सगळा देश रडला.

त्यानंतर दहा महिन्यांनी, त्याच काँगोत, जादोव्हिल नावाच्या गावी सुमारे दीडशे आयरिश जवान वीसपट शत्रूशी पाच दिवस लढले. सगळे जिवंत परत आले. त्यांच्या वाट्याला आली एक शिवी: ‘जादोव्हिल जॅक’. हात वर करणारा, भित्रा.

या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा अस्वस्थ व्हायला होतं. छोट्या देशाच्या सैन्याची पत लोक कशावरून ठरवतात, ते इथे उघडं पडतं. आयर्लंड आकाराने महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान, लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या घरात. त्याच्या सैन्याबद्दलचे समज देशातही चुकीचे होते आणि बाहेर तर अजूनही आहेत.

‘आयरिश सैन्य म्हणजे ते आयआरए’

हा घोळ आपल्याकडे फार आढळतो. आयरिश सैनिक म्हटलं की तोंडावर बुरखा ओढलेले बंदूकवाले आणि बेलफास्टमधले बॉम्बस्फोट डोळ्यांसमोर येतात. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. ब्रिटिशांशी झालेल्या तहानंतर १९२२ मध्ये जे सरकारी सैन्य उभं राहिलं, त्याची पहिली लढाईच तह नाकारणाऱ्या आयआरएशी (आयरिश रिपब्लिकन आर्मीशी) झाली. ते यादवी युद्ध होतं, कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडत होते. ‘ओग्ली ना हेरन’ हे आयरिश भाषेतलं नाव दोन्ही बाजू सांगतात म्हणून गोंधळ वाढतो, पण राज्यघटनेने मानलेलं सैन्य एकच.

उंच केसाळ टोप्या घालून लंडनमध्ये पहारा देणारे आयरिश गार्ड्स, तेही हे नव्हेत. ती ब्रिटिश सैन्याची पलटण. १९२० मध्ये जालंधर आणि सोलनला ‘आमच्या देशात तुमचे अत्याचार चालू असताना तुमची चाकरी करणार नाही’ असं म्हणून बंड करणारे कनॉट रेंजर्सचे जवानही ब्रिटिश सैन्यातलेच होते. त्यांच्यातल्या जेम्स डेली या तरुणाला गोळ्या घालून देहदंड दिला गेला.

‘तटस्थ देशाच्या सैन्याला लढाई कसली?’

आयर्लंड नाटोत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो तटस्थ राहिला. म्हणून तिथलं सैन्य संचलनापुरतं, असा समज. पण त्याच महायुद्धात जवळपास पाच हजार आयरिश जवान आपलं सैन्य सोडून हिटलरविरुद्ध लढायला ब्रिटिश सैन्यात गेले. परत आल्यावर १९४५ च्या एका सरकारी आदेशाने त्यांना पळपुटे ठरवून सात वर्षं सरकारी नोकरीची दारं बंद केली. त्यांना माफी मिळाली २०१३ मध्ये, म्हणजे बहुतेक जण गेल्यावर.

आयर्लंड १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात आला. १९५८ मध्ये काही अधिकारी निरीक्षक म्हणून लेबनॉनला गेले आणि तेव्हापासून जगात कुठे ना कुठे आयरिश शांतिसैनिक नाही असा दिवस गेलेला नाही. मात्र अख्खी बटालियन परदेशी पाठवायची पहिली वेळ आली ती १९६० मध्ये, काँगोसाठी. तयारी कशी होती हे एका गोष्टीवरून कळतं: पहिल्या तुकड्या विषुववृत्ताच्या उन्हात जाड लोकरीचे गणवेश घालून उतरल्या. अंगाला टोचणारं, घामाने जड होणारं ते कापड आयर्लंडच्या पावसापाण्यासाठी होतं. हातात दर गोळीमागे हाताने बोल्ट ओढायची जुनी ली-एनफिल्ड रायफल. काँगोत चार वर्षांत सुमारे सहा हजार आयरिश जवान जाऊन आले, २६ जण परतले नाहीत.

१९७८ पासून दक्षिण लेबनॉन हे त्यांचं दुसरं घर झालं. एप्रिल १९८० मध्ये अट-तिरी गावात इस्रायलच्या पाठिंब्यावरच्या सशस्त्र गटाने गाव बळकावायचा प्रयत्न केला, तेव्हा आयरिश जवानांनी तो लढून मोडून काढला. लेबनॉनमध्ये आजवर चाळीसहून अधिक आयरिश जवान मेले आहेत. २०१४ मध्ये गोलान टेकड्यांवर सीरियातल्या बंडखोरांनी फिलिपिनो शांतिसैनिकांना वेढलं, तेव्हा चिलखती गाड्या घेऊन त्यांना सोडवायला आयरिश जवान गेले. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायली सैन्याने लेबनॉन सीमेवरची चौकी रिकामी करायला सांगितली, तेव्हाही तिथले तीसेक आयरिश जवान जागचे हलले नाहीत.

तटस्थ म्हणजे युद्धगटात नसलेला. त्याचा अर्थ लढाईपासून लांब राहिलेला असा होत नाही.

‘ते छोटं असलं तरी वाघांचं सैन्य आहे’

हा गैरसमज नवा आहे. २०१६ मध्ये जादोव्हिलच्या वेढ्यावर नेटफ्लिक्सने चित्रपट आणला. तो पाहून उठलेल्या माणसाला वाटतं, हे लोक अजिंक्य आहेत. मला हे कौतुक टोमण्याइतकंच घातक वाटतं, कारण ते सैन्याच्या गरजांवर पांघरूण घालतं.

आज आयर्लंडच्या तिन्ही दलांत मिळून सुमारे साडेसात हजार माणसं आहेत. मंजूर संख्या होती साडेनऊ हजार. लढाऊ जेट विमान एकही नाही. खलाशी पुरत नाहीत म्हणून नौदलाची चांगली जहाजं बंदरात बांधून ठेवावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये रशियाने आयर्लंडच्या नैऋत्येला, त्याच्या सागरी आर्थिक क्षेत्रात युद्धसराव जाहीर केला. तेव्हा ‘आम्ही तिथे मासे धरायला जाणारच’ असं ठणकावून सांगितलं ते कॅसलटाउनबेअरच्या मच्छीमारांनी. रशियाने सराव बाहेर हलवला. जगभर लोक हसले, मच्छीमारांची वाहवा झाली. पण देशाच्या पाण्याची राखण मच्छीमारांवर यावी ही हसण्याजोगी गोष्ट नाही.

पुढच्याच महिन्यात सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला. सध्याच्या बळावर सैन्य देशाचं खरं संरक्षण करू शकत नाही, हे त्यात स्पष्ट मांडलं होतं. सरकारने माणसं साडेअकरा हजारांपर्यंत आणि वार्षिक खर्च दीड अब्ज युरोपर्यंत वाढवायचं मान्य केलं, त्यासाठी २०२८ ची मुदत ठरवली. शौर्य आणि सामर्थ्य या वेगळ्या गोष्टी आहेत. शौर्य जवान घरून घेऊन येतो. सामर्थ्य त्याला सरकारने पुरवायचं असतं.

त्याच सैन्यातल्या स्त्रियांनी २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या आणि दडपशाहीच्या कहाण्या रेडिओवर सांगितल्या. त्यावरच्या स्वतंत्र समितीचा २०२३ चा अहवाल वाचवत नाही. लेबनॉनमधलं धैर्य खरं आणि बराकीतला हा अन्यायही खरा. पहिल्याचं नाव घेऊन दुसरं झाकायचा हक्क कुणालाही नाही.

‘शरण गेले म्हणजे घाबरले’

आता मूळ गोष्टीकडे येतो. सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त माणसं पोळलेला गैरसमज हाच.

काँगो १९६० मध्ये बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि दोन आठवड्यांत मोइझ चोम्बेने काटांगा प्रांत वेगळा जाहीर केला. तांबं, कोबाल्ट, युरेनियम सगळं काटांगात. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं बहुतेक युरेनियम जादोव्हिलजवळच्या शिंकोलोब्वे खाणीतून गेलेलं होतं. चोम्बेमागे खाण कंपनीचा पैसा होता आणि पदरी युरोपीय भाडोत्री सैनिक होते.

जादोव्हिलमधल्या गोऱ्या रहिवाशांच्या रक्षणासाठी म्हणून तिथे पॅट क्विनलन या आयरिश अधिकाऱ्याची कंपनी पाठवली गेली. त्या रहिवाशांना हे रक्षण नको होतं. मुख्य तळ एलिझाबेथव्हिलला, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीला, सव्वाशे किलोमीटरवर. क्विनलन यांना वारा कुठून वाहतोय ते कळलं. त्यांनी जवानांना खंदक खणायला लावलं. कडक जमिनीत खणताना पोरं कुरकुरली असतील, पण पुढे त्याच खंदकांनी त्यांचा जीव वाचवला.

१३ सप्टेंबर १९६१ च्या सकाळी संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने एलिझाबेथव्हिलमध्ये काटांगाविरुद्ध कारवाई सुरू केली. त्याचा सूड जादोव्हिलवर निघाला. बरेचसे जवान उघड्यावर प्रार्थनेला जमलेले असताना हल्ला आला. पहारेकऱ्याच्या गोळीने सगळे सावध झाले आणि खंदकांकडे धावले. पुढचे पाच दिवस लाटांमागून लाटा येत राहिल्या. हल्लेखोर तीन हजारांच्या आसपास असावेत. शत्रूकडे तोफा होत्या आणि एक फूगा मॅजिस्टर जेट विमान होतं. आयरिशांकडे हलक्या उखळी तोफा, मोजक्या मशिनगन आणि रायफली. आकाशात संयुक्त राष्ट्रांचं एकही लढाऊ विमान नव्हतं, त्यामुळे ते एकटं जेट येऊन बॉम्ब टाकून निवांत निघून जाई. (आयर्लंडने १९७५ मध्ये स्वतःच्या हवाई दलासाठी फूगा मॅजिस्टरच घेतली. ती १९९९ मध्ये निवृत्त झाली आणि देशाकडचं शेवटचं लढाऊ जेटही गेलं.)

क्विनलन वायरलेसवर मुख्यालयाशी काही वेळा आयरिश भाषेत बोलत. जी भाषा मायदेशातही निम्मीशिम्मी उरली होती, ती तिथे सांकेतिक लिपीसारखी कामी आली.

गावाने नळाचं पाणी तोडलं. उन्हात, दारूगोळ्याच्या धुरात, माणसांच्या जिभा सुजल्या. अखेर एक हेलिकॉप्टर गोळीबारातून वाट काढत पाण्याचे डबे घेऊन उतरलं. झाकणं उघडली तर पाण्याला पेट्रोलचा वास. ज्या डब्यांतून आधी पेट्रोल नेलं होतं त्यांतच, न धुता, पाणी भरून पाठवलं होतं. पिता येईना. त्या डब्यांपेक्षा स्पष्ट पुरावा मला सापडत नाही. चूक खंदकातल्या माणसांची नव्हती, त्यांना तिथे पाठवून विसरलेल्यांची होती.

मदतीच्या तुकड्यांना वाटेत लुफिरा नदीच्या पुलाने अडवलं. पलीकडे काटांगाचे सैनिक पक्के बसले होते. दोनदा प्रयत्न झाले, दोन्ही फसले. दुसऱ्या वेळी आयरिशांबरोबर भारतीय सैन्यातले गोरखा जवान होते आणि त्यांच्यातले काही त्या पुलाशी मारले गेले. जादोव्हिलच्या कथेतला हा भाग आपण विसरलो आहोत. त्याच काटांगात, ५ डिसेंबर १९६१ रोजी, कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया एलिझाबेथव्हिलजवळ धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आणि आकाश मोकळं सोडल्याची चूक उमगल्यावर जी विमानं आली, त्यांत भारतीय हवाई दलाची कॅनबेराही होती.

१७ सप्टेंबरला, पाणी नाही, दारूगोळा जवळजवळ नाही, मदतीची आशा नाही अशा अवस्थेत क्विनलन यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांचे पाच जण जखमी होते. मेलेला एकही नव्हता. शत्रूचे तीनशेच्या आसपास मेले असं सांगितलं जातं. तो अंदाजच आहे, पण नुकसान मोठं झालं याबद्दल दुमत नाही. त्याच रात्री संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड तहाच्या बोलण्यासाठी निघाले आणि न्डोलाजवळ विमान कोसळून गेले. आयरिश जवान महिन्याहून अधिक काळ कैदेत राहून ऑक्टोबरअखेर सुटले.

मायदेशी स्वागत झालं, पण थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली. शरणागती हा शब्द तरुण सैन्याला सोसवेना. वरिष्ठांना तर गप्प राहणंच सोयीचं होतं, कारण खोलात गेलं असतं तर एवढ्याशा कंपनीला तिथे कुणी पाठवलं हा प्रश्न आला असता. क्विनलन यांनी आपल्या ३३ जवानांची नावं शौर्यपदकांसाठी पाठवली होती. त्या लढाईसाठी तेव्हा एकालाही पदक मिळालं नाही. बराकीत ‘जादोव्हिल जॅक’ ऐकून घेत माणसं निवृत्त झाली, कित्येकांनी घरीदारी हा विषयच काढला नाही. नीएम्बाचे जवान मेले म्हणून वीर ठरले, आणि त्यात गैर काही नाही. पण जादोव्हिलच्या जवानांचा गुन्हा एवढाच होता की त्यांच्या अधिकाऱ्याने एकही शवपेटी डब्लिनला येऊ दिली नाही.

ते जगले होते, म्हणून बोलूही शकले. त्यांच्यातल्याच काही म्हाताऱ्यांनी आणि मुलाबाळांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली. २००४ मध्ये सरकारने नव्याने चौकशी करायचं मान्य केलं आणि जवानांवरचा ठपका पुसला गेला. पुढच्या वर्षी अथलोनच्या कस्ट्युम बराकीत स्मृतिशिला उभारली गेली. १७ सप्टेंबर २०१६ ला, शरणागतीला बरोबर ५५ वर्षं झाली त्या दिवशी, कंपनीला सामूहिक सन्मानपत्र मिळालं. आयर्लंडच्या इतिहासात कुठल्याही तुकडीला मिळालेलं ते पहिलंच. पॅट क्विनलन १९९७ मध्ये वारले होते. २०१७ च्या डिसेंबरात त्याच बराकीत जादोव्हिल पदकं वाटली गेली. हयात जवानांनी ती स्वतः घेतली, बाकीच्यांची त्यांच्या घरच्यांनी.