पावसाळा आला की बाळे का खोकतात?

जून महिना लागतो. आकाश भरून येते, शाळा उघडतात आणि दोन-तीन आठवड्यांतच गिरगावापासून लालबाग-परळपर्यंत दवाखान्यांची बाके सर्दी-खोकल्याने बेजार झालेल्या लहान मुलांनी भरून जातात. "पावसात भिजलास, म्हणून सर्दी झाली," असे आजी म्हणते. इंग्रजी पुस्तक उघडावे, तर त्यात या दुखण्यांचा हंगाम हिवाळा असल्याचे लिहिलेले असते. मग खरे कोणाचे?

विषाणू आणि चौथा घात

सर्दी पाण्याने होत नाही, विषाणूंमुळे होते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू माणसापासून प्रथम १९३३ साली वेगळा करण्यात आला. तान्ह्या मुलांच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाचा विषाणू म्हणजे 'आरएसव्ही'. १९५६ साली अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपँझींमध्ये तो सापडला आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांना तो आजारी मुलांमध्येही आढळला. वयाची दोन वर्षे पुरी होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होऊन जातो. बहुतेकांना नुसती सर्दी होते. काही बाळांच्या मात्र बारीक श्वासनलिका सुजतात आणि जिवावर बेतते.

बाळांनाच धोका जास्त का, हे भौतिकी सांगते. नळीतून संथ प्रवाह वाहताना होणारा रोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा नियम प्वाझेय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास शोधून काढला. समजा, मोठ्या माणसाच्या एका श्वासनलिकेची त्रिज्या ४ मिलिमीटर आणि बाळाच्या नलिकेची २ मिलिमीटर आहे. दोघांनाही आतून १ मिलिमीटर सूज आली. मोठ्या माणसाचा रोध सुमारे ३ पट होईल, बाळाचा मात्र १६ पट! गणित स्वतः करून पाहा.

एक देश, अनेक हंगाम

पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि इतर प्रयोगशाळांनी देशातील निरनिराळ्या शहरांत इन्फ्लुएन्झाच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून मोठे मनोरंजक चित्र दिसले. श्रीनगरला इन्फ्लुएन्झाचा जोर जानेवारी ते मार्च या काळात असतो. पुण्याला तो जुलै ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात असतो. मुंबईचाही मुख्य हंगाम पावसाळाच. चेन्नईला पाऊस मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, आणि तेथे इन्फ्लुएन्झाही तेव्हाच वाढतो! आरएसव्हीची साथ दिल्लीत हिवाळ्यात येते, आपल्याकडे मात्र पावसाळ्यात व त्याला लागून येते. म्हणजे आजीने हंगाम अचूक ओळखला होता. चुकले ते फक्त कारण.

कोरडी हवा, दमट हवा

०° सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅम बाष्प मावते. ही हवा घरात येऊन २०° पर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. अशा कोरड्या हवेत खोकल्यातून उडालेला थेंब झटकन सुकतो, हलका होतो आणि बराच वेळ तरंगत राहतो. थंड प्रदेशातील हिवाळ्याचे हे एक कारण आहे.

मुंबईच्या जुलैमध्ये मात्र प्रत्येक घनमीटरात २० ग्रॅमहून अधिक बाष्प असते. तरीही साथ येते, ती कशी? न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅनिस लोवेन, पीटर पालेसे व सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. थंड व कोरड्या हवेत इन्फ्लुएन्झा हवेवाटे सहज पसरला. ३०° तापमानाला हवेवाटे पसरणे थांबले, पण एकाच पिंजऱ्यात ठेवलेल्या प्राण्यांमध्ये तो संपर्काने पसरतच राहिला.

आता पावसाळ्यातील चाळीची खोली डोळ्यांसमोर आणा. झड येते म्हणून खिडकी बंद. गॅलरीत खेळता येत नाही, म्हणून मुले आत. दोरीवर ओले कपडे, एकच टॉवेल, आणि शाळेतून सर्दी घेऊन आलेला दादा धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलेला. विषाणूला याहून सोयीचे काय हवे?

पाऊस तोच, शाळा बंद

पाऊस एकटा दोषी नाही, याचा पुरावा २०२० साली मिळाला. त्या पावसाळ्यात मुंबईत भरपूर पाऊस झाला. ५ ऑगस्टच्या सुमारास तर कुलाब्याला २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाण्याची नोंद झाली. पण कोविडमुळे शाळा बंद होत्या आणि लोकांच्या तोंडावर मास्क होते. देशात त्या पावसाळ्यात इन्फ्लुएन्झाचे रुग्ण अगदी तुरळक आढळले. पाऊस होता, पण माणसामाणसांतला संपर्क तुटला होता.

आपण काय करावे?

हंगाम कळला की तयारी वेळेवर करता येते. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपुढील लहान मुलांना इन्फ्लुएन्झाची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी असे सांगतात. युरोपाप्रमाणे ऑक्टोबरपर्यंत थांबलो, तर आपली साथ येऊन गेलेली असेल.

तुम्हाला सर्दी झाली असेल तर तान्ह्या भावंडाला उचलू नका. साबणाने हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा आणि पाऊस थांबताच खिडकी उघडा. बाळ खोकत असेल, तर ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, एक वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक आणि पाच वर्षांच्या आतील मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तरीही क्षणभर थांबू नये.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. जूनपासून दर आठवड्याला सर्दी-खोकल्याने गैरहजर राहिलेल्या मुलांची संख्या लिहावी आणि शेजारी वृत्तपत्रातील पावसाचे आकडे मांडावेत. दिवाळीपर्यंत आलेख तयार होईल. दोन्ही रेषा बरोबरच चढतात, की पावसामागून गैरहजेरी वाढते? गणपतीच्या सुट्टीनंतर काय होते? आपल्या शाळेचे उत्तर आपल्यालाच शोधायचे आहे.