युनिक्स प्रणालीत गटसदस्यत्वाचा अंमल

वऱ्हाडी व झाडी बोलींची ध्वनिमुद्रणे आम्ही ज्या सामायिक संगणकावर ठेवतो, तेथे एका संशोधक विद्यार्थिनीचे नाव ‘बोली’ या गटात घालण्यात आले. तरीही तिला एकही फाइल उघडता येईना. नोंदीत नाव स्पष्ट दिसत होते. नाव काढून पुन्हा घातले, फायलींचे अधिकार तपासले, आणि यातच दुपार गेली.

वस्तुतः नोंदीत दोष नव्हता. गटांची यादी ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘ग्रुप’ या फायलीत असते हे खरे. परंतु फाइल उघडतेवेळी कर्नल त्या यादीकडे पाहतच नाही. लॉगिनच्या वेळी ती यादी एकदा वाचली जाते, त्या व्यक्तीच्या गटांचे क्रमांक काढले जातात, आणि कर्नल ते तिच्या प्रक्रियेशी जोडून ठेवतो. त्या प्रक्रियेपासून जन्मणाऱ्या सर्व प्रक्रियांना तेच क्रमांक वारशाने मिळतात. म्हणून नवी खिडकी उघडून भागत नाही. तीही जुन्याच पूर्वजाची संतती. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते. ‘ती सदस्य आहे’ या वाक्यातील ‘आहे’ येथे चांगलेच फसवे ठरते!

पडताळा सोपा आहे. ‘आयडी’ ही आज्ञा नावाशिवाय दिल्यास चालू प्रक्रियेचे गट कळतात, नावासह दिल्यास नोंदीतील. दोन उत्तरांत तफावत दिसली की निदान झाले. तातडी असेल तर ‘न्यूग्रप’ ही आज्ञा नव्या गटासह एक नवे शेल सुरू करते. मात्र तो गट त्या शेलपुरता व त्याच्या संततीपुरताच. ही आज्ञा जुन्या काळची. 4.2 बीएसडी आवृत्तीने 1983 मध्ये अनेक गटांची सोय केली, त्यापूर्वी प्रक्रियेला एका वेळी एकच गट असे.

नाव घालण्यातील विलंबाने फार तर एक दुपार वाया जाते. नाव काढण्यातील विलंब अधिक गंभीर आहे. खेड्यांतील निवेदकांनी विश्वासाने सांगितलेल्या कौटुंबिक हकीकती या ध्वनिमुद्रणांत आहेत. प्रकल्प सोडून गेलेल्या व्यक्तीचे नाव यादीतून वगळले, तरी तिचे एखादे सत्र पार्श्वभूमीवर चालू असेल तर ते पूर्वीच्याच अधिकाराने फायली उघडत राहते, आणि असे सत्र आठवडेच्या आठवडे टिकू शकते. तेव्हा नाव वगळल्याबरोबर ‘पीएस’ या आज्ञेने त्या व्यक्तीच्या चालू प्रक्रिया शोधाव्यात व त्या बंद कराव्यात.