पर्यावरण-शुद्धीकरण दायित्वांचे अंतर्गत लेखापरीक्षण
कारखान्याच्या अथवा कचरा पुरण्याच्या जागेतील माती व भूजल दूषित झाल्यास ते शुद्ध करण्याचा खर्च उद्योगसंस्थेवर पडतो. त्याची तरतूद हिशेबात योग्य वेळी व योग्य रकमेने केली आहे की नाही, याची संस्थेच्याच लेखापरीक्षकांनी केलेली तपासणी. अन्य देण्यांप्रमाणे या दायित्वाचे देयक कोणी पाठवीत नाही. मूळ कृतीनंतर कित्येक वर्षांनी ते उघडकीस येते आणि जागा विकली, तरी टळतेच असे नाही.

अमेरिकेतील नायगारा फॉल्स येथील लव्ह कॅनाल हे याचे प्रसिद्ध उदाहरण. हूकर कंपनीने १९४२–५३ या काळात तेथील अर्धवट कालव्यात सु. २१,००० टन रासायनिक कचरा पुरला व १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळास एका डॉलरला दिली. १९६८ मध्ये ऑक्सिडेंटल कंपनीने हूकर विकत घेतली. १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर होऊन रहिवाशांना हलवावे लागले. १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्यान्वये शुद्धीकरणाचे दायित्व पूर्वलक्षी व दोषनिरपेक्ष ठरले आणि १९९५ मध्ये ऑक्सिडेंटलने संघीय शासनास १२.९ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. खरेदीच्या वेळी असा कायदाच नव्हता.

या लेखापरीक्षणाचा आरंभ खतावणीपासून करून भागत नाही. जे नोंदलेलेच नाही, ते तीत सापडणार कसे? प्रथम आजच्या व विकलेल्याही सर्व जागांची यादी करतात. वस्तुतः माहिती संस्थेत बहुधा असतेच. परंतु भूजलाच्या चाचण्यांचे अहवाल कारखान्यात व नोटिसा विधी विभागात पडून असतात, लेखा विभागापर्यंत पोहोचत नाहीत.

रकमेचा प्रश्न अधिक बिकट आहे. समजा, खर्चाचा अंदाज १० ते ५० कोटी रु. असून त्यांमधील प्रत्येक रक्कम सारखीच संभाव्य आहे. अमेरिकेतील १९७६ च्या निर्वचनानुसार अशा वेळी किमान रक्कम, म्हणजे १० कोटी, नोंदवितात. भारतीय लेखा मानक ३७ नुसार मध्यबिंदू, म्हणजे ३० कोटी. प्रत्यक्ष खर्च वर्षानुवर्षे वाढत असूनही अंदाज किमान पातळीवरच राहत असेल, तर लेखापरीक्षकाने कारण विचारलेच पाहिजे. त्याने आपला अहवाल कारखान्याच्या व्यवस्थापकाऐवजी संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीस देणे इष्ट होय.

भारतात बिछडी (जि. उदयपूर) येथे एच-आम्लाच्या उत्पादनातील गाळामुळे विहिरी दूषित झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये शुद्धीकरणाचा खर्च संबंधित उद्योगांवर टाकला. ३७.३८५ कोटी रु. ही रक्कम न भरली गेल्याने १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासह ती भरण्याचा आदेश न्यायालयाने २०११ मध्ये दिला.