मोटारीचा पिवळा दिवा

मोठ्या कुटुंबांत जी वस्तु सर्वांची असते, तिची निगा बहुधा कोणाचीच नसते. आमच्या घरची मोटार ही अशीच एक बारभाईंची खेती आहे. सकाळीं मुलांना शाळेंत पोंचविणारा एक, दुपारीं वडील माणसांना डॉक्टरांकडे नेणारा दुसरा, आणि रविवारीं सिंहगडाकडे फिरावयास नेणारा तिसरा. पेट्रोल कोणीं भरावें यावर क्वचित् वाद होतो. परंतु इंजिनाचें तेल केव्हां बदललें, असें विचारल्यास सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. ही आठवण ठेवणारा घरांत एकच प्राणी आहे; तो म्हणजे चालकासमोरील तबकडीवरचा लहानसा पिवळा दिवा!

गेल्या वर्षीं कोकणांत जाण्याचें ठरलें असतां हा दिवा लागला. दोन दिवसांनीं पाहतों तों विझलेला! चौकशी करतां आमचा पुतण्या अभिमानानें म्हणाला, “काका, एक बटण दाबून धरलें कीं जातो तो. मींच घालविला.” त्याच्या चातुर्याचें कौतुक करण्यापूर्वीं मीं इंजिनांतील तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खालीं गेलें होतें. दोन मुलें व वृद्ध आई यांना घेऊन आम्ही याच स्थितींत घाट उतरणार आणि परततांना चढणार होतों!

हा दिवा म्हणजे पुष्कळ मोटारींत केवळ अंतर मोजणारा हिशेबनीस असतो. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या टोयोटाच्या अनेक मोटारींत तो सुमारें ४,५०० मैलांवर लुकलुकूं लागतो आणि ५,००० मैलांस, म्हणजे अदमासें ८,००० किलोमीटरांस, स्थिर होतो. आपल्याकडील पुष्कळ मोटारींस १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी मर्यादा घातलेली असते. असा दिवा तेलाची परीक्षा करीत नाहीं; तो पंचांगाप्रमाणें फक्त तिथि सांगतो. पंचांगाचें पान फाडलें म्हणून एकादशी टळत नाहीं!

याची इतर दिव्यांशीं गल्लत मात्र होऊं देऊं नये. तेलाच्या झारीचें चित्र असलेला तांबडा दिवा चालत्या गाडींत लागला, तर तेलाचा दाब गेला असें समजून गाडी तत्काळ सुरक्षित जागीं थांबवावी व इंजिन बंद करावें. त्यानंतर एक मैलही पुढें जाणें नको. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा बिघाड दाखवितो. त्याची परीक्षा कारखान्यांतच करवावी.

तेल बदलावें कां? तें धातूंचें घर्षण कमी करतें, उष्णता वाहून नेतें व काजळी आपल्या पोटांत घेतें. तें काळें होतें हा दोष नव्हे, तें आपलें काम करीत असल्याची ती खूण आहे. परंतु त्यांत मिसळलेलीं रक्षक द्रव्यें कालांतरानें खर्च होतात. जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीचें इंजिन पुरतें तापत नाहीं. त्यामुळें पाण्याचा व पेट्रोलचा अंश तेलांत सांठतो. म्हणून गाडी थोडी चालली तरी वर्षाची मर्यादा पाळावी.

आतां कृति. माहितीपुस्तकांत सांगितलेल्याच जातीचें तेल आणावें. डब्यावर ५डब्ल्यू-३० असें असल्यास पहिला आंकडा थंडींतील प्रवाहीपणा व दुसरा तापल्यानंतरचा दाटपणा दर्शवितो. उघड्या व सपाट जागेंत इंजिन थोडें कोमट करून बंद करावें. बंद खोलींत तें कदापि चालूं ठेवूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु प्राणघातक असून त्याला वास नसतो. हातब्रेक ओढून चाकांस अडसर द्यावा. आणि नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही शिरूं नये, भक्कम घोड्या लावाव्या.

मग तळचा बोल्ट काढून तेल परातींत निथळूं द्यावें. बोल्ट नव्या वॉशरसह परत बसवावा. जुना फिल्टर काढतांना त्याचें रबरी कडें इंजिनास चिकटून तर राहिलें नाहीं ना, हें बोटानें चांचपून पाहावें. दोन कडीं एकावर एक बसलीं तर सारें तेल गळून जाईल. नव्या कड्यास तेलाचें बोट लावून फिल्टर हातानेंच आवळावा. सांगितलेल्या मापानें तेल भरून इंजिन मिनिटभर चालवावें, गळती पाहावी, आणि थोडें थांबून पट्टीवर तेल दोन खुणांच्या दरम्यान आहे याची खात्री करावी. अधिक भरणें हेंही अपायकारकच. त्याचा फेंस होतो. जुनें तेल गटारांत न ओतता परवानाधारक संग्राहकाकडे पोंचेल अशा गॅरेजांत द्यावें, व हात साबणानें स्वच्छ धुवावे.

त्याच बैठकींत हवेचा फिल्टर पाहावा, आणि टायर थंड असतांना दाब मोजावा. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरांहून कमी उरल्यास तो बदलावा. रेडिएटरचें झांकण तापलेलें असतां उघडूं नये. ब्रेकचें काम मात्र जाणत्या कारागिरावरच सोंपवावें. तेथें हौस कामाची नाहीं. गाडीची हमीची मुदत चालू असल्यास तिच्या अटी आधीं वाचाव्या व पावत्या जपून ठेवाव्या.

हें सर्व झाल्यावरच दिवा घालवावा. त्यापूर्वीं घालविणें म्हणजे आधीं कळस मग पाया! त्या दिवशीं पुतण्यालाच मीं शेजारीं बसवून सारें काम करविलें. अखेर बटण दाबण्याचा मानही त्यालाच दिला. आतां मोटारींत एक वही असते. तींत तारीख, किलोमीटर व करणाराचें नांव असतें. पहिल्या ओळींत त्याचें नांव आहे. कोकणांतून आम्ही सर्व सुखरूप परत आलों, आणि घाट चढून माथ्यावर पोंचतांच आईनें प्रथम विचारलें, “दिवा लागला नाहीं ना रे?” पुतण्या उत्तरला, “नाहीं आजी. आणि तेल मीं सकाळींच पाहिलें आहे.”