पाटी ओळखणं म्हणजे वाचणं नव्हे

बौद्धिक दिव्यांग मूल फार तर ‘धोका’, ‘बाहेर’, ‘स्त्रिया’ अशा पाट्या ओळखेल, अक्षरं जुळवून वाचणं त्याला जमायचं नाही, असं पालक मानतात, कित्येक शिक्षकही मानतात. वर ‘संशोधनही हेच म्हणतं’ अशी पुस्ती जोडली जाते.

संशोधन असं म्हणत नाही. अमेरिकेत डायान ब्राउडर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अशा विद्यार्थ्यांच्या वाचनावरचे १२८ अभ्यास तपासले. बहुतेकांत नुसते रोजच्या वापरातले शब्द ओळखायला शिकवलं होतं. मुलं अक्षर-ध्वनीत नापास झाली नव्हती. त्यांना ते शिकवून पाहणारेच थोडे होते. ‘धोका’ चित्रासारखा पाठ केलेलं मूल ‘धोतर’पाशी अडतं. ‘धो’ कळलेल्या मुलाच्या हाती तिथे निदान सुरुवात तरी असते.

बुद्ध्यांक कमी म्हणजे दार बंद, हेही खरं नाही. टेक्ससमध्ये जिल अॅलर यांच्या चमूने ४० ते ८० बुद्ध्यांकाच्या १४१ मुलांचा अभ्यास केला. छोट्या गटांत रोज ४०-५० मिनिटं, काहींना चार वर्षांपर्यंत शिकवलेली मुलं तुलनेच्या गटापेक्षा वाचनात सरस ठरली. मात्र वेळ वर्षांच्या हिशेबात लागला. दोन महिन्यांत ‘याला येत नाही’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

ब्रिटनमध्ये डाऊन सिंड्रोमच्या ५७ मुलांना शाळेतल्याच प्रशिक्षित सहायकांनी रोज ४० मिनिटं शिकवलं. अर्धी मुलं आधी, उरलेली २० आठवड्यांनी. थांबलेल्या मुलांशी तुलना केल्यामुळेच नुसत्या वाढत्या वयाचा परिणाम वेगळा काढता आला. शब्दवाचन आणि अक्षरांचे ध्वनी सुधारले; शुद्धलेखन आणि व्याकरण नाही. हेही पालकांना सांगायलाच हवं.

हे निष्कर्ष इंग्रजीतले आहेत. ‘कि’ची वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, ही अडचण इंग्रजी मुलाला नाही. मराठीत वेगळं तपासावं लागेल, आणि त्याला शेकडो मुलं लागतातच असं नाही. तीन मुलं घ्या. शिकवण्याआधी काही दिवस प्रत्येक जण ठरावीक शब्दांपैकी किती वाचतो, ते रोज लिहून ठेवा. मग पहिल्याला सुरुवात करा, दुसऱ्याला दोन आठवड्यांनी, तिसऱ्याला आणखी दोन आठवड्यांनी. नोंदी तिघांच्याही चालूच ठेवा. प्रत्येकाचा आलेख त्याची शिकवणी सुरू झाल्यावरच चढला, तर ते श्रेय शिकवण्याचं.